जाळ्यावरचा तिरंगा

आमच्या गावात कॉलेजात जाणारी मी पहिली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पहिली असण्याचा मुख्य परिणाम एवढाच, की लोक तुम्हाला काहीही विचारतात. पोस्टातून आलेलं पत्र, औषधाच्या बाटलीवरचा कागद, कुठल्या तिथीला भरती किती वाजता, सगळं माझ्याकडे येऊ लागलं. भरतीचं तर मला बाबांनाच विचारावं लागे. त्यांनी सांगितलेलं मी जरा शुद्ध भाषेत लोकांना परत सांगे आणि लोक म्हणत, "बघा, कॉलेजात काय काय शिकवतात."

आता मी शेवटच्या वर्षाला आहे आणि काहीही सांगण्याआधी दोनदा विचार करते. पहिल्या वर्षी मात्र माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आमचं गाव तारापूरच्या अलीकडे, समुद्राला चिकटून. सकाळी एस.टी.ने बोईसर, तिथून गाडीने पालघर, स्टेशनातून कॉलेजपर्यंत चालत. कॉलेज नुकतंच निघालेलं, भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास यायचा. तो वासही मला विद्येचा वाटे.

जुलैत आमच्या नागरिकशास्त्राच्या सरांनी वादविवाद स्पर्धा जाहीर केली. विषय होता, 'राष्ट्रवाद हेच खरे देशप्रेम'. पासष्टचं युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते, त्याच वर्षी निवडणुकाही होऊन गेल्या होत्या. सभांमधून जो तो समोरच्याला देशद्रोही म्हणून मोकळा होत होता. सर म्हणाले, हे दोन शब्द सगळे एकाच श्वासात वापरतात, तेव्हा आपण जरा थांबून बघू. चिठ्ठ्या काढल्या. माझ्या चिठ्ठीत 'बाजूने' असं निघालं.

मला इतका आनंद झाला की विषयाचा अर्थ लागत नाही हे स्टेशनवर पोचल्यावर लक्षात आलं. दोन्ही एकच ना? पापलेट आणि सरंगा ही एकाच माशाची नावं; पापलेट हाच खरा सरंगा, असं कोणी म्हटलं तर त्याच्या बाजूने काय बोलायचं आणि विरुद्ध काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत सरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, "फरक शोध. पुस्तकात मिळाला तर पुस्तकात, नाहीतर आसपास बघ."

पुस्तकात होता, पण तो वाचून मला झोप येत होती. म्हणून मी आसपास बघायला सुरुवात केली. आसपास म्हणजे पहिल्यांदा आमचे भाडेकरू. तारापूरला अणुशक्तीचं काम जोरात चाललेलं. तिथे फिटर असलेले एक गृहस्थ आमच्या पडवीलगतच्या खोलीत राहायचे. सांगलीकडचे. आम्ही त्यांना फिटरभाऊ म्हणायचो. संध्याकाळी ते तारेच्या ब्रशाने हाताचं ग्रीस काढत बसले की मी समोर उभी राहून भाषणाचा सराव करी.

"फिटरभाऊ, राष्ट्रवाद म्हणजे काय वाटतं तुम्हाला?"

"मला इचारू नकोस बाय. साइटवर सायेब परदेशी, मुकादम हिंदीत शिव्या देतोय, वाळू तुमच्या गावची, आन बोल्ट आवळतोय मी, सांगलीचा. आता ह्यात राष्ट्र कुठं बसवू?"

"आणि देशप्रेम?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "बोल्ट सैल ऱ्हायला तर झोप येत न्हाई. ते देशप्रेम हाय का पोटाची काळजी, काय ठावं."

मी हे वहीत लिहिलं आणि खाली लिहिलं, 'उपयोगी नाही'. ती वही अजून आहे माझ्याकडे. ते दोन शब्द वाचले की कान गरम होतात.

ऑगस्ट जवळ आला तसं गावातलं तरुण मंडळ जागं झालं. मंडळाचा अध्यक्ष आमचा लांबचा चुलतभाऊ. त्याला सगळे अध्यक्षच म्हणत, त्याची आईसुद्धा. "अध्यक्षा, जेवाला ये." त्याला पंधरा ऑगस्टला काहीतरी असं करायचं होतं, की जे सातपाटीसारख्या मोठ्या गावातही कुणी केलं नसेल. तो माझ्याकडे आला. म्हणाला, "तू शिकलेली हाय. एखादी दणदणीत कल्पना दे."

आणि मी दिली. इथे मला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर माझी चूक किती मोठी ते कळणार नाही. समुद्रात जाळं टाकलं की त्याच्या टोकाला तरंगता बांबू सोडतात आणि बांबूच्या शेंड्याला फडकं बांधतात. त्याला आम्ही बावटा म्हणतो. प्रत्येक घराचं फडकं ठरलेलं. कुणाचं निळ्या सदऱ्याचं, कुणाचं पिवळ्या लुगड्याचं. आमचं छत्रीचं काळं कापड, मधे लाल ठिगळ. फाटलं की तसंच दुसरं. लांबून नुसता रंग दिसला की होडी आपल्या जाळ्याकडे वळते. माझ्या डोळ्यांना मात्र त्या वर्षी ती सगळी चिंध्यांची जत्रा वाटू लागली होती. कॉलेजच्या मैत्रिणी कधी किनाऱ्यावर आल्या तर काय म्हणतील, हेही मनात होतंच.

मी म्हटलं, "एक गाव, एक झेंडा. सगळ्या होड्यांवर आणि सगळ्या जाळ्यांवर फक्त तिरंगा."

अध्यक्ष माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने खडू आणला. मंडळाच्या फळ्यावर मी माझ्या उत्तम अक्षरात नोटीस लिहिली, की पंधरा ऑगस्टपासून गावातील प्रत्येक होडीवर व जाळ्यावर तिरंगाच राहील. इतर कोणतेही फडके आढळल्यास त्या घराचे देशप्रेम संशयास्पद समजले जाईल. 'संशयास्पद' हा शब्द मी त्याच आठवड्यात शिकले होते. तो कुठेतरी वापरायचाच होता.

"आनखी एक लिव," अध्यक्ष म्हणाला. "अशा होडीला पुनवेच्या रांगेत पुढं जागा नाय."

तेही लिहिलं. खालची रेघ पट्टीने मारली.

नारळी पुनवेला आमच्या गावच्या होड्या एका रांगेत बाहेर पडतात. पुढच्या होडीतला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आधी नारळ सोडतो, मग बाकीचे. पुढे कोण, हे पाळीने ठरतं. अठरा होड्या, अठरा वर्षांनी पाळी. मागच्या खेपेला आमची पाळी आली तेव्हा होडी आजोबांकडे होती आणि मी आईच्या पोटात होते. यंदा पुन्हा आमची पाळी होती. बाबांनी वैशाखातच होडीला तेल पाजलं होतं, दोरखंड नवे वळले होते. हे सगळं मला ठाऊक होतं. पण खडू हातात असताना एकदाही आठवलं नाही. कसं आठवलं नाही, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

संध्याकाळी बाबा फळ्यापाशी आले. तिथे आठ-दहा माणसं उभी होती. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी मला हाक मारली. "काय लिवलंय गो? वाच जरा."

मी वाचू लागले. पहिली ओळ मोठ्याने, दुसरी जरा हळू. 'संशयास्पद' म्हणताना जीभ अडखळली. शेवटची ओळ बहुतेक मलाच ऐकू आली, पण बाबांना कळली. त्यांनी फळ्याकडे बोट केलं.

"अक्षर तुझंच हाय ना? सरळ हाय."

मी मान हलवली.

मग ते अध्यक्षाकडे वळले. "डोलकाठीवर लावीन मी तिरंगा. नवा आनीन, धुवून लावीन. पन जाळ्यावर नाय लावायचा."

"का नाय, काका?"

"जाळ्यावरचं फडकं पान्यात पडतं. पाखरं घान करतात. माशाचं रगात लागतं. झेंडा काय तिथं ठेवायची वस्तू हाय? आन माझं जाळं मला दिसनार कसं?"

"काका, हा देशाचा प्रश्न हाय."

"आसंल. पन देश येनार हाय का माझं जाळं ओळखाया?"

माणसं हसली. अध्यक्षाचे कान लाल झाले. "मग पाळी सोडावी लागंल. नोटीस म्हंजे नोटीस."

बाबा घराकडे वळले. घरी आल्यावर मला रागावतील असं वाटलं, तर त्यांनी आईला नेहमीसारखा चहा मागितला. त्यांच्या पाळीच्या मधे मी माझ्याच खडूने येऊन उभी राहिले होते, आणि त्यांनी मला चहात साखर कमी आहे का एवढंच विचारलं.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं. बाबा दरवर्षीसारखे आंघोळ करून, डोक्याला टोपी घालून गेले आणि झेंडा वर जाईपर्यंत ताठ उभे राहिले. त्यांच्याइतकं ताठ कोणी उभं राहत नाही, अध्यक्षसुद्धा नाही. तो त्या दिवशी सारखा मागे वळून कोण आलं, कोण नाही ते बघत होता. मीही त्याच्याबरोबर बघत होते. हे मुद्दाम लिहून ठेवते.

सतरा होड्यांना पालघर बाजारातून आणलेले कापडी तिरंगे वाटले. दोन दिवस चांगली उघडीप मिळाली, पाणी निवळलं, आणि पुनवेची वाट न बघता काही होड्या जवळच्या पाण्यात जाळी टाकून आल्या. त्या काही होड्या बघून बाकीच्याही गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जाळी ओढायला निघाल्या.

मी किनाऱ्यावर होते. कॉलेजला बुट्टी मारली होती, कारण मला तो सोहळा बघायचा होता. पाण्यावर सतरा तिरंगे डुलत होते. खरंच सुंदर दिसत होतं, ते मी आजही नाकारणार नाही. होड्या त्यांच्यापर्यंत पोचल्या, आणि मग सगळ्या थांबल्या.

पुढचं दृश्य असं. एक होडी एका झेंड्याकडे जाते, तांडेल वाकून बघतो, मान हलवतो, दुसऱ्याकडे जातो. तिकडून दुसरी होडी येते. दोघं हातवारे करतात. भरतीच्या ओढीने बांबू सरकलेले, त्यामुळे कुणाचा कुठे होता हेही सांगता येईना. शेवटी कंटाळून ज्याला जो झेंडा सापडला, त्याने तो ओढला. आमची होडी मात्र सरळ काळ्या छत्रीकडे गेली, जाळं ओढलं आणि सर्वांच्या आधी परत आली. बाबांनी होडीतून उतरताना एवढंच म्हटलं, "तिकडं लगीनघाई हाय."

बाकीच्या आल्या तेव्हा कळलं, की अध्यक्षाने आपल्या मेव्हण्याचं जाळं ओढून आणलंय. त्या मेव्हण्याशी त्याचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. मेव्हण्याने तिसऱ्याचंच आणलेलं. आणि झेंड्यांचा केशरी रंग खाऱ्या पाण्यात उतरून पांढऱ्यात गेलेला, हिरवा त्याच्यात मिसळलेला. कुठल्या देशाचा झेंडा ते सांगणं अवघड होतं. एका म्हाताऱ्या तांडेलाने तो ओला गोळा दोन्ही हातांवर धरला होता. टाकताही येईना, ठेवताही येईना. "आता ह्येचं काय करू गो?" तो मला विचारत होता, कारण मी शिकलेली.

आधी जरा बाचाबाची झाली. मग बायका पुढे आल्या. आमच्याकडे जाळं तुटलं की ते सांधणाऱ्या प्रत्येक हाताची गाठ वेगळी. आई वाळूत बसली, जाळ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "ही गाठ अध्यक्षाच्या बहिनीची. तिला दुहेरी मारायची खोड हाय." मग काय, सगळ्या बायका बसल्या. डोळे मिटून गाठी चाचपायच्या आणि नावं पुकारायची.

"ही कोनाची गो, एवढी ढिली?"

"तुज्या सासूची."

"तरीच मासं सुटलं."

अर्ध्या तासात सतरा जाळी आपापल्या घरी लागली. राहिली मासळी. ढीगच्या ढीग, एकात एक मिसळलेला. आई म्हणाली, "मासळीला गाठ नसते बायांनो. आज सगळ्यांनी सगळ्यांचं खावा." त्या दुपारी किनाऱ्यावर तीन चुली पेटल्या, अध्यक्ष आणि मेव्हणा एकाच पातेल्यापाशी बसले, आणि मेव्हण्याने त्याला विचारलं, "अध्यक्षा, मीठ संशयास्पद हाय का रं?" माझा शब्द गावात पोचला होता. दिवसभर तो चालला. भात संशयास्पद, कोंबडा संशयास्पद, फिटरभाऊंची छत्री संशयास्पद. मी हसून हसून वाळूत बसले.

नोटीस मात्र तशीच होती. अध्यक्ष म्हणाला, जाळ्यांचं नंतर बघू, पण एकदा लिहिलेलं मागे घेतलं तर मंडळाची काय शोभा राहील. पूनव रविवारी होती. पाळी पुढच्या घराकडे जाणार असं ठरल्यासारखंच होतं. बाबांनी नव्या दोरखंडाची गुंडाळी काढून आत ठेवली.

स्पर्धा शुक्रवारी. गावातून माझं भाषण ऐकायला पालघरला माणसं आली, याचं मला किती अप्रूप वाटलं. अध्यक्ष आणि मंडळाची चार पोरं इस्त्रीचे सदरे घालून. फिटरभाऊ अर्धी रजा काढून. आई बाजारात मासळी विकून थेट आली, रिकामी पाटी घेऊन. शिपाई पाटी आत नेऊ देईना. आई म्हणाली, "बाहेर ठेवते, पन लेकीचं होईस्तोवर पाटीपाशी कोनाला तरी उभं करा. हरवली तर तुमच्या कॉलेजावर येनार." बाबा आले नाहीत.

माझ्या आधीच्या मुलाने विरुद्ध बाजूने फार छान भाषण केलं. मग माझं नाव पुकारलं. पाठ केलेलं सगळं डोक्यात होतं. राष्ट्रवादाशिवाय स्वातंत्र्य मिळालं नसतं, एकी नसेल तर देश टिकत नाही, हे मुद्दे मी बोलले. ते खोटे आहेत असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण तिसऱ्या मुद्द्यावर आले आणि समोर इस्त्रीच्या सदऱ्यात अध्यक्ष दिसला. माझ्याकडे किती कौतुकाने बघत होता.

मी थांबले. मग म्हटलं, "मला एक सांगायचं आहे. ते माझ्या बाजूचं आहे की नाही, नक्की माहीत नाही."

आणि नोटिशीची गोष्ट सांगितली. बांबू, फडकी, काळी छत्री. कल्पना माझी होती, शब्द माझे होते, मंडळाने फक्त माझ्यावर विश्वास ठेवला, हेही सांगितलं. लोक हसू लागले, मीही हसू लागले, आणि हसता हसताच म्हणाले, "ती नोटीस लिहिताना माझ्या मनात देश नव्हता. दुसऱ्याच्या बांबूवर काय आहे, एवढंच होतं. माझे वडील झेंडा पाण्यात भिजू नये म्हणून नाही म्हणाले, आणि मी त्यांनाच संशयास्पद ठरवलं. मला वाटतं देशप्रेम असेल तर माणूस आधी स्वतःकडे बघतो, आपण काय करतोय ते. राष्ट्रवाद चढला की तो शेजाऱ्याकडे बघत बसतो. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. माझ्यात होते. मी चुकत असेन तर..."

घंटा वाजली. चुकत असेन तर काय, ते राहूनच गेलं.

सहा जण बोलले, मला सहावा नंबर मिळाला. परीक्षक म्हणाले, वक्त्याने आपली बाजू सोडली. सरांनी बाहेर मला विचारलं, "सापडला फरक?" मी म्हटलं, "थोडासा. बहुतेक." आईला निकाल सांगितला तर ती म्हणाली, "सहावी? सहात? मग मोजायला सोपं." आणि पाटी डोक्यावर घेतली.

गाडीत अध्यक्ष बोईसर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला होता. मला वाटलं संपलं, आता हा जन्मभर बोलणार नाही. स्टेशनवर उतरल्यावर तो मंडळाच्या पोरांना मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "ऐकलं ना? मंडळाची चूक नव्हती. हिची होती. भर सभेत कबूल केलं."

"हो," मी म्हटलं. "माझीच."

"मग तूच पूस."

एस.टी.तून उतरल्यावर मी धावत फळ्याकडे गेले. पुसायला काही नव्हतं, पदरानेच पुसलं. पट्टीने मारलेली रेघ सगळ्यात शेवटी गेली.

रविवारी दुपारी उन्हाने समुद्र नुसता चमकत होता. बाबांनी डोलकाठीवर धुतलेला नवा तिरंगा लावला, आणि आत बांबूंवर काळी छत्री. बाकीच्या सतरांनीही आपापल्या चिंध्या परत बांधल्या होत्या. निळा सदरा, पिवळं लुगडं, सगळी मंडळी हजर. वाजंत्री वाजू लागली. मी वाळूत इतकी वेड्यासारखी नाचत होते की आईने दोनदा हात धरून खाली बसवलं.

आमची होडी पुढे निघाली. आणि बाबा चुकले. पुनवेच्या रांगेत आयुष्यभर त्यांनी पुढच्या होडीचं बूड बघून होडी हाकलेली, आज पुढे नुसतं पाणी. ते दर थोड्या वेळाने मागे वळून बघू लागले, सगळ्या येतायत ना, कुणी राहिलं नाही ना. मागे बघितलं की होडी हळू होई, आणि मागची येऊन जवळजवळ टेके. शेवटी तर ते थांबलेच, कारण अध्यक्षाची होडी चिखलात अडकून रांगेच्या बाहेर राहिली होती.

"काका," मागून कोणीतरी ओरडलं, "आज तुमी पुढं हाय, मागं काय बघता?"

"अध्यक्ष येऊ दे."

"भरती येवपर्यंत नाय यायचा तो. चला."

"नाय," बाबा म्हणाले. "सतरा घेऊन कसा जाऊ? अठरा पायजेत."

सगळी रांग लाटांवर खालीवर होत उभी राहिली. चार जणांनी पाण्यात उड्या टाकून अध्यक्षाची होडी ढकलली, त्यांत मेव्हणा पहिला. ती चिखलातून सुटून रांगेत येऊन लागली तेव्हा कुठे बाबांनी पुढे तोंड केलं आणि नारळ हातात घेतला.